भांगेच्या बिया: पहिलं पाकीट भारी, दुसऱ्यानं घात केला

टिळकवाडीतल्या एका ऑरगॅनिक दुकानातनं हेम्प सीड, म्हणजे भांगेच्या बिया, पाव किलोची पाकिटं दोनदा आणली. आधीच सांगते, नशा चढत नाही, सासूबाईंनी पण देवघराकडं बघत हेच विचारलेलं. ह्या नुसत्या बिया, शेंडे-फुलं नव्हेत, आणि एफएसएसएआयनं (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं) 2021 मध्ये खायला परवानगी दिलीय.

पहिलं पाकीट लई भारी. बी एकसारखं, राखाडी, वर बारीक नक्षी, तव्यावर तीळ उडतात तसं उडालं. कारळ्याऐवजी हेच घेऊन लसूण, मीठ, संकेश्वरी तिखट घालून चटणी कुटली, भाकरीबरोबर दोन दिवसांत बरणी चाटून पुसून साफ.

दुसरं पाकीट, तेच लेबल, तोच रेट, पण आत काही टपोरं काही मोहरीएवढं आणि मधे हिरवट पोचट, बारकं करपलं तोवर मोठं कच्चंच, चटणी दाताखाली कचकच. दुकानदार काका म्हणाले, "ताई, शेतमाल हाय, फरक पडतोयच की."

पडतो, पण इतका का? माझं माहेर संकेश्वरजवळचं, बाबा मिरचीचं बी घरीच धरतात. मिरचीचं फूल बरंचसं आपल्याच परागानं फळतं, त्यामुळं चांगलं झाड निवडलं की गुण पुढं उतरतो, मधमाशीनं घोळ केलाच तर बाबा ते वेगळं झाड उपटून टाकतात. भांगेत बहुतेक नर झाड वेगळं, मादी वेगळी, पराग वाऱ्यावर कित्येक किलोमीटर जातो, आई निवडली तरी बाप कोण ते कुणाला ठाऊक! एकसारखं बी पाहिजे तर प्लॉट लांब एकटा ठेवायचा, नको ते नर फुलायच्या आधीच काढायचे, असं पिढ्यान्‌पिढ्या. त्यात फार जवळच्या नात्यातलं संकर करत गेलं की झाडंच कमजोर होतात, म्हणून निवडलेली झाडं पण भरपूर ठेवावी लागतात. पाकिटावर नुसतं उत्तराखंड लिहिलंय, व्हरायटीचं नाव कुठंच नाही, मग दरवेळी नवा माल आला तर नवल काय.

(उरलेलं परसात पेरूया म्हणाले आमचे हे. अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा 1985 चा आहे म्हटलं, लायसन्सशिवाय एक झाड लावायचं नाही, गप बसा.)

पाचपैकी तीन स्टार. व्हरायटी छापलेलं नाहीतर आतलं बी दिसेल असं पाकीट आलं तर परत घेईन, तोवर रविवार पेठेतलं कारळंच.