पहिली मोहीम: स्वतःचा क्यूबसॅट की ‘पोएम’वरची जागा?

कॉलेजच्या टीमला अवकाशातून पृथ्वीचे फोटो काढायचे असतील तर आज दोन वाटा आहेत. एक, किलोभर वजनाचा स्वतःचा क्यूबसॅट, म्हणजे छोटा घनाकृती उपग्रह. दुसरी, पीएसएलव्ही रॉकेटच्या काम संपलेल्या चौथ्या टप्प्यावर, म्हणजे इस्रोच्या ‘पोएम’वर, आपलं उपकरण बसवणं. (नुसते फोटोच हवे असतील तर दोन्हींच्या नादी लागू नका. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची १० मीटर विभेदनाची (एक पिक्सेल म्हणजे १० मीटर जमीन) चित्रं साधारण दर ५ दिवसांनी फुकट मिळतात.)

क्यूबसॅटच्या बैठका कॅमेऱ्यावरच रंगतात. पण उपग्रह वर गेल्यावर छळतो तो दुसराच प्रश्न: कॅमेऱ्याचं तोंड आहे कुठे? पुण्याच्या सीओईपी या इंजिनीअरिंग कॉलेजचा ‘स्वयम्’ २०१६ साली गेला, तो स्थिर राहायला आतल्या चुंबकाद्वारे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आधार घेणारा होता. वीज लागत नाही, बिघडायलाही फारसं काही नाही. त्याचं काम रेडिओ संदेशवहनाचं, त्यामुळे ती निवड अगदी योग्य होती. कॅमेऱ्याला मात्र ती चालत नाही. विषुववृत्ताजवळ चुंबकीय रेषा जमिनीला जवळपास समांतर असतात. चुंबकाच्या अक्षावर कॅमेरा लावला तर आपल्या भागावरून जाताना तो क्षितिजाकडेच बघणार. काटकोनात लावला तर उपग्रह त्या अक्षाभोवती गिरक्या घेणार आणि जमीन कधी समोर येईल याचा नेम नाही. ५०० किमी उंचीवर सेकंदाला एक अंश जरी फिरला, तरी नजर जमिनीवरून सेकंदाला जवळजवळ ९ किमी सरकते. २०१० सालच्या ‘स्टडसॅट’ या विद्यार्थी-उपग्रहाच्या कॅमेऱ्याचं विभेदन ९० मीटर होतं, एवढ्या वेगात १० मिलिसेकंदांत तेवढी जमीन मागे पडते. म्हणजे सक्रिय दिशानियंत्रण आलं, आणि त्यासोबत वीज, सेन्सर, चाचण्या सगळंच आलं.

फोटो निघाला तरी तो खाली आणायचा असतो. एका ग्राउंड स्टेशनवरून दिवसाला चार-सहा पास (उपग्रह डोक्यावरून जातानाच्या संपर्काच्या वेळा), चांगला पास दहा मिनिटांचा. ९६०० बिट्स प्रति सेकंद वेगाने दहा मिनिटांत जास्तीत जास्त ७२० किलोबाइट उतरतात. २ मेगापिक्सेलचा १० बिटचा कच्चा फोटो अडीच मेगाबाइटचा, म्हणजे चार पास एका फोटोला, तेही एकही पॅकेट न गळता. म्हणून आधी छोटा थंबनेल उतरवायचा आणि ढग नसतील तरच पूर्ण फोटो मागवायचा, ही सोय पहिल्या दिवसापासून सॉफ्टवेअरमध्ये हवी.

‘पोएम’वर वीज, दिशा आणि संपर्क ही तिन्ही ओझी मुख्यतः इस्रो वाहते. टाकीभोवती सौर पॅनेल, लिथियम-आयन बॅटरी, दिशा सांभाळायला हेलियमचे थ्रस्टर. बदल्यात तोंड कुठे वळवायचं ते तुमच्या हातात नाही, कॅमेरा कधी चालू होणार हेही वेळापत्रक ठरवतं. आणि आयुष्य थोडं: ‘पोएम-४’ डिसेंबर २०२४ अखेर गेला, एप्रिल २०२५मध्ये वातावरणात परतला. मागे कचरा राहत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

माझं मत स्पष्ट आहे: उपकरण नवं असेल आणि ते अवकाशात चालतं का एवढंच पाहायचं असेल, तर ‘पोएम’. उपग्रह चालवणं हेच शिकायचं असेल तर क्यूबसॅट, पण टीमची पुढची फळी तयार असेल तरच. ‘स्वयम्’ आणि आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ या दोन्हींना सुरुवातीपासून उड्डाणापर्यंत आठ-नऊ वर्षं लागली. चार वर्षांच्या पदवीत सुरुवात करणारी मुलं तोवर नोकरीला लागलेली असतात. म्हणून बॅटरी शून्य अंश तापमानाखाली चार्ज करायची नाही, रीसेट झाल्यावर रेडिओ आधी चालू करायचा, असे निर्णय कारणांसकट लिहून ठेवा. क्यूबसॅट ठरलाच, तर फ्रिक्वेन्सीचं समन्वयन आणि इन-स्पेसची (खासगी अवकाश उपक्रमांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेची) परवानगी यांचे अर्ज डिझाइन गोठवण्याआधीच सुरू करा, कारण फ्रिक्वेन्सी बदलली की अँटेनाही बदलावा लागतो.