कांद्याच्या चाळीवरचा कॅमेरा : चित्र झकास, ॲप नको, आरटीएसपी हवंच

उन्हाळ कांदा चाळीत भरला तेव्हा हा ४ मेगापिक्सेलचा वाय-फाय कॅमेरा बसवला. आता चाळ रिकामी होत आली, म्हणून अनुभव लिहितोय. दिवसा चित्र झकास, रात्री आयआर (अंधारात दिसण्यासाठीचा इन्फ्रारेड प्रकाश) पुरेसा, पावसाचं पाणी आत शिरलं नाही. माझा सगळा राग आहे तो व्हिडिओ आपल्यापर्यंत कसा पोचवतात, त्यावर.

रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडली आणि नेट गेलं. कॅमेरा घरच्याच राउटरला जोडलेला, मोबाइल त्याच वाय-फायवर, चाळ हाकेच्या अंतरावर. तरी ॲपमध्ये ‘डिव्हाइस ऑफलाइन’. कस्टमर केअरला फोन लावला तर उत्तर आलं, “सर, नेट आलं की आपोआप दिसेल.” म्हणजे माझ्याच चाळीचं चित्र मला दाखवायला आधी कंपनीच्या सर्व्हरची परवानगी लागणार! वर जुनं रेकॉर्डिंग पाहायचं तर दरमहा पैसे. कांद्याला भाव काय मिळतोय आणि ह्यांना महिन्याचा हप्ता हवाय.

सेटिंगमध्ये आत कुठेतरी आरटीएसपी (कॅमेऱ्याकडून थेट व्हिडिओ मागायची पद्धत) बंद करून ठेवलेलं सापडलं. ते चालू केलं, लॅपटॉपवर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये कॅमेऱ्याचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता), पोर्ट ५५४ आणि पासवर्ड टाकला, आणि नेट नसताना चित्र हजर. १९९८ पासूनचं हे प्रोटोकॉल, पण कुणाच्या दारात जावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र वैताग आला. चित्राचा खालचा भाग राखाडी व्हायचा, माणूस चालत गेला की मागे रंग फरफटत जायचे. कॅमेरा परत करायच्या बेतात होतो. पण ॲपमध्ये तेच चित्र स्वच्छ दिसायचं, म्हणजे लेन्सचा दोष नव्हता. व्हीएलसी सुरुवातीला यूडीपीने व्हिडिओ मागतं. चाळीच्या पत्र्यांमुळे वाय-फायचे पॅकेट (डेटाचे तुकडे) गळतात आणि यूडीपी या पाठवायच्या पद्धतीत हरवलेलं पॅकेट पुन्हा येत नाही, टीसीपीत ते पुन्हा मागवलं जातं. व्हीएलसीच्या सेटिंगमध्ये ‘आरटीपी ओव्हर आरटीएसपी (टीसीपी)’ निवडलं आणि राखाडी पट्टे गेले. चित्र थोडं उशिरा येतं, पण राखणीला तेवढं चालतं. कॅमेऱ्याबद्दलचं मत तिथे बदललं, कंपनीबद्दलचं नाही. ही एक ओळ माहितीपुस्तकात छापायला काय जात होतं?

स्ट्रीम उघडली की पूर्ण चित्र यायला वेळ लागत असेल तर आय-फ्रेमचं, म्हणजे दोन पूर्ण चित्रांमधलं, अंतर बघा; ते फ्रेममध्ये मोजतात. १५ एफपीएसला (सेकंदाला १५ फ्रेम) ते ६० असेल तर पूर्ण फ्रेम चार सेकंदांनी एकदा येते. मी ३० केलं. व्हिडिओ लहान करायच्या एच.२६५ या नव्या पद्धतीने जागा वाचते, पण आमच्या जुन्या मोबाइलवर ते अडकत होतं, म्हणून सब स्ट्रीम (कॅमेरा मुख्य चित्रासोबत देतो ती हलकी, कमी डेटाची स्ट्रीम) जुन्या एच.२६४ वरच ठेवली.

ही सब स्ट्रीम पैसे वाचवते. लासलगावला बाजार समितीत लिलावाच्या रांगेत ट्रॅक्टर उभा असताना मोबाइल डेटावर चाळ बघायची, तर ४ एमबीपीएसची मेन स्ट्रीम तासाला १.८ जीबी खाते. रोजच्या दीड जीबीचा पॅक तासाभरातच खलास. ५१२ केबीपीएसच्या सब स्ट्रीमला तासाला साधारण २३० एमबी लागतात, आणि गोणी कोण उचलतंय एवढं त्यात नीट दिसतं.

बाहेरून बघण्यासाठी राउटरवर पोर्ट ५५४ उघडू नका, साध्या आरटीएसपीत व्हिडिओला कुलूप नसतं. घरच्या जुन्या लॅपटॉपवर व्हीपीएन (बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये यायची कुलूपबंद वाट) आहे, मोबाइल आधी त्यावर आणि मग कॅमेऱ्यावर.

मध्यंतरी फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) आपोआप अपडेट झालं आणि आरटीएसपी पुन्हा बंद! मेल केला, त्याला उत्तर नाही. यंत्राला चार तारे, कंपनीला एक. खोक्यावर ओएनव्हीआयएफ (वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी जुळावीत म्हणूनचं मानक) लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका. दुकानदाराला राउटरची नेटची वायर काढायला सांगा आणि त्यानंतर लॅपटॉपवर चित्र दाखवलं तरच पैसे द्या.