आधी फैरूज की उम्म कुलसूम? अरबी गाणं पहिल्यांदाच ऐकणाऱ्यांसाठी

मावसभावाचा परवा मेसेज आला, अरबी गाणं ऐकायचंय, इजिप्तच्या गायिका उम्म कुलसूमपासून सुरू करू की लेबनॉनच्या फैरूजपासून, एका ओळीत सांग. एका ओळीत काय डोंबल सांगणार, म्हणून हे एवढं लांबलचक लिहायला बसले. मी पाच वर्षं मस्कतला नोकरीला होते आणि नशिबाने माझ्या टेबलाच्या एका बाजूला इजिप्तचा अकाउंटंट आणि दुसऱ्या बाजूला लेबनॉनची डिझायनर, दोघांचं कामावरून कधी वाजलं नाही पण ह्या विषयावर रोज चहाला भांडण ठरलेलं. एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत होतं, सकाळ फैरूजची आणि रात्र उम्म कुलसूमची. हे त्यांचं काही खास मत नव्हे, बैरूत, दमास्कस, अम्मान कुठंही जा, सकाळच्या कॉफीला रेडिओवर फैरूजच लागते.

तर पहिला फरक वेळेचा. फैरूजचं गाणं तीन-चार मिनिटांत आटोपतं, चहा उकळेपर्यंत एक होऊन जातं. उम्म कुलसूमचं 'इन्ता उम्री' लाइव्ह लावलंत तर तासभर जातो, आणि त्यातही सुरुवातीची कित्येक मिनिटं नुसता वाद्यवृंद, बाई अजून तोंडच उघडत नाहीत. मी पहिल्यांदा लावलं तेव्हा मला वाटलं चुकीची फाइल लागली, मी पुढे ढकललं, आणि अकाउंटंट साहेबांनी असं बघितलं की जणू मी देवळात चप्पल घालून शिरले.

बाई म्हणाले ते उगाच नाही हं. इजिप्तमध्ये तिला 'अस-सित्त' म्हणतात, म्हणजे सरळ 'बाई'. हिराबाई, गंगूबाई म्हणतो ना आपण, त्यातली बाई, फक्त पुढं नाव जोडायची गरज पडत नाही. नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या एका खेड्यातली इमामाची मुलगी, लहानपणी वडिलांबरोबर मुलाचे कपडे घालून धार्मिक गाणी म्हणायची, 1920 च्या दशकात कैरोला आली आणि मग रेडिओमुळे अख्ख्या अरब जगाची झाली. महिन्यातल्या पहिल्या गुरुवारी रात्री तिची मैफल रेडिओवर थेट लागायची आणि लोक त्या दिवशी दुसरं काही ठरवायचेच नाहीत. फेब्रुवारी 1975 मध्ये ती गेली तेव्हा कैरोच्या रस्त्यावर लाखो लोक उतरले होते.

आता खरा मुद्दा. नेटवर जो तो सांगतो की नवख्या माणसाने आधी फैरूज ऐकावी, सोपी आहे, छोटी आहे. युरोपातल्या माणसाला हा सल्ला ठीक असेल, पण मराठी कानाला मी तो डोळे झाकून देणार नाही. कारण उम्म कुलसूम तासभर करते काय? एकच ओळ घेते, पुन्हा घेते, एकदा रुसून, एकदा विनवून, एकदा एका शब्दावरच थांबून, आणि खालून लोक ओरडतात 'अल्लाह!', 'या सित्त!', की ती परत तीच ओळ वेगळ्या वळणाने आणते. ठुमरीत बोल बनवतात ते ऐकलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं का? बालगंधर्वांच्या वन्समोअरच्या गोष्टी आपल्याकडे आजोबा-पणजोबांपासून चालत आल्यात, हे तेच आहे, फक्त नाटक नाही. ऐकणारा त्या गाण्यात असा बुडतो की भान राहत नाही, त्या अवस्थेला ते लोक 'तरब' म्हणतात. सवाई गंधर्वला थंडीत शाल पांघरून रात्र काढलेल्या माणसाला तासाभराच्या गाण्याची भीती कोण दाखवतंय!

गंमत म्हणजे नाटक आहे ते फैरूजकडे. तिचा नवरा आसी रहबानी आणि दीर मन्सूर, दोघे मिळून लिहायचे, चाली द्यायचे, आणि 1957 पासून लेबनॉनमधल्या बालबेकच्या रोमन देवळांच्या अवशेषांत होणाऱ्या महोत्सवात ते गाजायला लागले, पुढं तर अख्खी संगीत नाटकं आली. तिची बरीच गाणी मुळात नाटकातलीच. पण गायची पद्धत मात्र भावगीताची, तान-बिन काही नाही, सरळ, नितळ, आणि मागे पियानो, अकॉर्डियन, लेबनॉनच्या डोंगरातल्या दबके नाचाचा ठेका, सगळं मापात बांधलेलं. 'या अना या अना' लावून बघा, चाल चक्क मोझार्टच्या चाळीसाव्या सिंफनीची आहे. स्टेजवर ती जवळजवळ पुतळ्यासारखी उभी राहायची, हसायची पण नाही. उम्म कुलसूम पण फार हलायची नाही म्हणा, पण तिच्या हातात रुमाल असायचा आणि सगळा अभिनय त्या रुमालात.

सुरांचं एक सांगून ठेवते, नाहीतर मला शिव्या घालाल. अरबी मकामांमध्ये, म्हणजे त्यांचे राग म्हणा, काही सूर आपल्या कोमल आणि शुद्धच्या मधोमध बसतात, 'रास्त' मकामातला गंधार असाच आहे, घरच्या पेटीवर तो सापडणारच नाही. पहिल्या दिवशी बेसूर वाटतं, आठवड्याने त्याच्याशिवाय चैन पडत नाही. हे उम्म कुलसूमकडे भरपूर. रहबानी बंधूंनी पाश्चात्य वाद्यमेळाकडे झुकून बांधलेल्या गाण्यांत ते कमी जाणवतं, म्हणून फैरूज कानाला पटकन लागते. पण 'इन्ता उम्री' मुख्यतः 'कुर्द' मकामात आहे आणि कुर्दचे सूर आपल्या भैरवीच्या जवळचे, त्यामुळे तिथून शिरलात तर परकं वाटत नाही. 1964 चं हे गाणं, इजिप्तचाच बडा गायक-संगीतकार मोहम्मद अब्देल वहाबची चाल. तो आणि ती, दोघं इतकी वर्षं आपापल्या जागी अव्वल पण एकत्र कधी आलेच नव्हते, आणि आले ते इलेक्ट्रिक गिटार घेऊन, जुन्या लोकांनी नाकं मुरडली असणारच.

त्याच्या उलट 'अल-अतलाल', 1966, रियाद अल-सुनबातीची चाल, इब्राहिम नागी नावाच्या डॉक्टर कवीची कविता, अतलाल म्हणजे पडके अवशेष, मोडलेल्या प्रेमाचे. मला विचाराल तर तिचं सगळ्यात थोर गाणं हेच. तरी सुरुवात ह्याने करू नका. मी केली होती. अर्ध्यात झोप लागली, उठले तेव्हा ती अजून गातच होती. दोनेक महिन्यांनी परत लावलं, आणि ती प्रियकराला माझे हात मोकळे कर असं म्हणते तिथं लोकांचा जो कल्लोळ उठतो तो ऐकून अंगावर काटा आला, अर्थ कळायच्या आधीच.

अर्थावरून आठवलं. भाषा येत नाही म्हणून अडू नका, दोघींकडे आपल्या ओळखीचे शब्द निघतात. 'उम्री' म्हणजे माझी उमर, माझं आयुष्य. 'अना फी इन्तिजारक', मी तुझ्या इंतजारात, हे कळतंच की. फैरूजच्या 'नस्सम अलैना अल-हवा' मधली हवा तर आपलीच हवा, तिला ती सांगते मला माझ्या देशात घेऊन चल. आखातात राहिलेल्या कुठल्याही माणसाला हे गाणं शुक्रवारी दुपारी लावून दाखवा, कोकणातला असो की केरळातला, गप्प बसतो. इथं फैरूज सरस, घराची आठवण काढावी तर तिनेच. लेबनॉनच्या यादवी युद्धाच्या पंधरा वर्षांत ती देश सोडून गेली नाही आणि एक संगीत नाटक सोडलं तर देशात गायली पण नाही, कुठल्याच बाजूची व्हायचं नव्हतं तिला, मग 1994 ला बैरूतच्या शहीद चौकात परत गायली.

आणि फैरूज म्हणजे नुसती जुनी मधाळ गाणी असं समजू नका. तिच्या मुलाने, जियादने दिलेलं 'कीफक इन्ता' ऐका, जुना मित्र भेटलाय, कसा आहेस, ऐकलं की तुला मुलं झाली, एवढंच बोलणं, जॅझच्या अंगाने. 2025 च्या जुलैत जियाद गेला तेव्हा नव्वदीतली ही बाई काळ्या कपड्यात चर्चमध्ये बसलेली सगळ्यांनी पाहिली, माझ्या लेबनीज मैत्रिणीने दोन दिवस कुणाचा फोन घेतला नाही.

रेकॉर्डिंगच्या बाबतीत फैरूजचं सोपं, स्टुडिओतलं स्वच्छ मिळतं, कुठलंही लावा. उम्म कुलसूमचं लावताना बघून घ्या, एक तर इंग्रजी स्पेलिंग दहा प्रकारची, वर ठोके घातलेले रिमिक्स आणि दहा मिनिटांत कापलेले तुकडे. खूण एकच, लोकांचा आवाज येत नसेल तर बंद करा. स्टुडिओतली उम्म कुलसूम म्हणजे रिकाम्या हॉलमधलं कीर्तन. शिवाय तेच गाणं प्रत्येक रात्री वेगळं, म्हणून साठच्या दशकातली कुठलीही पूर्ण मैफल घ्या, आवाजही बरा असतो, तीसच्या दशकातल्या तबकड्या नंतर कधीतरी.

मग काय ठरवायचं? घरात ख्याल, ठुमरी, नाट्यसंगीत वाजत असेल तर थेट 'इन्ता उम्री', रात्री जेवणं झाल्यावर, फोन बाजूला ठेवून, आणि सुरुवातीचं वाद्यसंगीत ढकलायचं नाही. भावगीतं, सिनेमातली गाणी हाच खुराक असेल, किंवा तुम्ही गाडी चालवताना ऐकणारे असाल, तर फैरूज, पंधरा दिवस सकाळी. फक्त तिथं एक धोका आहे, फैरूजची सवय लागली की उम्म कुलसूम संथ वाटते आणि राहूनच जाते, माझ्या ओळखीत दोघातिघांचं असं झालंय. दोन्ही जड वाटलं तर इजिप्तचाच गायक अब्देल हलीम हाफेज आहे, पण तो वेगळा विषय.

मावसभाऊ पेटी वाजवतो, त्याला मी 'इन्ता उम्री' पाठवलंय. काल रात्री अकरा वाजून चाळीस मिनिटांनी त्याचा मेसेज, ही गायला कधी सुरू करणार? मी उत्तर दिलं नाही. पावणेएकला दुसरा आला, ती ओळ परत घेतली तिने, पाचव्यांदा.