माउझर ९८ साठी बॉइड्सचा लॅमिनेट दस्ता: माल चोख, पण ‘काढला की बसला’ असं नाही

माउझर ९८ या जुन्या जर्मन बोल्ट-ॲक्शन रायफलसाठी बॉइड्स कंपनी अमेरिकेत साउथ डकोटात बनवते तो हा दस्ता (नळी आणि यंत्रणा ज्यात बसते तो लाकडी भाग) लाकडाचे पातळ थर चिकटवून केलेला आहे. दमट हवेत तो अक्रोडाच्या अखंड लाकडासारखा पीळ खात नाही. वजन मात्र वाढतं. डोंगर चढायची रायफल असेल तर विचार करा.

मागवण्याआधी ॲक्शन (नळीमागची, बोल्ट धरणारी धातूची यंत्रणा) ओळखा, निम्मे लोक इथेच फसतात. माउझर ९८ च्या प्रकारांपैकी जर्मन के९८के आणि चेक व्हीझेड २४ या पूर्ण लांबीच्या. युगोस्लाव्ह एम४८ दिसायला अगदी तशीच, पण तिची ॲक्शन आखूड आणि ॲक्शन दस्त्याला आवळणाऱ्या दोन गार्ड स्क्रूंमधलं अंतरही कमी, म्हणून प्रमाण ९८ चा दस्ता तिला बसत नाही. लष्करी नळीला पायऱ्या असतात, म्हणजे तिची जाडी टप्प्याटप्प्याने कमी होते, त्या मापाचीच खाच मागा. (आपल्याकडच्या इशापूर कारखान्याच्या .३१५ रायफलवाल्यांनी इकडे वळूच नये. ती ब्रिटिश ली-एनफिल्ड रायफलींच्या घराण्यातली, दस्ता दोन तुकड्यांचा.)

बसवताना रायफल रिकामी, बोल्ट बाहेर. रिकॉइल लगला (बाराचा धक्का दस्त्यावर देणारा ॲक्शनखालचा उंचवटा) काजळी लावून ॲक्शन दस्त्यात बसवा, स्क्रू आवळा, पुन्हा काढा. काळा डाग उमटेल तेवढंच लाकूड तासा. लगची मागची बाजू पूर्ण टेकलीच पाहिजे. नाहीतर धक्का टँगवर (ॲक्शनच्या मागच्या शेपटीवर) जातो आणि दस्त्याच्या मनगटाजवळ, म्हणजे मुठीच्या बारीक भागाजवळ, चीर पडते. म्हणून टँगच्या मागे अर्धा मिलिमीटर फट ठेवा. मागच्या स्क्रूभोवतीचं धातूचं बुशिंग (छोटं नळकांडं) जुन्या दस्त्यातून काढून यात घाला. ते नसेल तर लाकूड दबत जातं आणि स्क्रू सारखा ढिला पडतो. मॅगझिनची (काडतुसांची) पेटी ॲक्शनला टेकत असेल, तर कितीही आवळा, ॲक्शन दस्त्यावर बसणार नाही.

लगमागे इपॉक्सी (घट्ट होणारा गोंद) भरलीत तर उत्तमच. लगच्या पुढे, खाली आणि बाजूंना टेप, सगळ्या धातूला मेण, भोकांत इपॉक्सी शिरू नये म्हणून माती. मेण विसरलात तर रायफल सोडवायला करवत लागते.

दुर्बीण लावायची असल्यास सरळ मुठीचा बोल्ट आणि वर उभी राहणारी सेफ्टी, दोन्ही आड येतात. मूठ वाकवणं गनस्मिथचं काम, घरी तापवू नका. टिम्नी कंपनीचा चाप (ट्रिगर) चांगला आहे, पण बाजूला सेफ्टी असलेल्या प्रकारासाठी दस्ता आणखी कोरावा लागतो.

सगळ्या भागांवरचे नंबर जुळणारी मूळ रायफल असेल, तर जुना दस्ता न कापता जपून ठेवा. संग्राहक त्याचेच पैसे मोजतात.