नवा मॉनिटर, जुने कार्ड आणि माझे 6,150 रुपये

मी डोंबिवलीत राहतो, बावीस वर्षे हिशेबाचे काम करतो आणि लोकांच्या पावत्यांतल्या चुका शोधणे हाच माझा पोटाचा धंदा आहे. तरीही मुंबईतल्या संगणकाच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडच्या एका गाळ्यात, मी पावती न घेता 6,150 रुपये आणि घरचे एक उत्तम ग्राफिक्स कार्ड (संगणकाचे चित्र पडद्यावर पाठवणारा भाग) देऊन आलो. हे लिहिताना लाज वाटते, पण गप्प बसलो तर त्या माणसाचेच फावेल.

दिवाळीत मुलासाठी 144 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 144 वेळा चित्र बदलणारा मॉनिटर घेतला, 11,499 रुपयांचा. घरच्या संगणकात एनव्हिडिया कंपनीचे 2015 सालचे जीटीएक्स 960 हे कार्ड होते. मॉनिटर जुन्याच एचडीएमआय केबलने जोडला, विंडोजने 60 हर्ट्झ दाखवले आणि आम्ही समजलो की कार्ड म्हातारे झाले. मॉनिटरच्या खोक्यात डिस्प्लेपोर्टची, म्हणजे चित्र नेणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या जोडणीची केबल प्लास्टिकच्या पिशवीत तशीच पडून होती. त्या 960 वर तीन डिस्प्लेपोर्ट होते आणि 1080पी (फुल एचडी) चित्र 144 हर्ट्झने द्यायला त्यांतला कोणताही एक पुरेसा होता. ती केबल लावून विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधल्या प्रगत भागात जाऊन 144 निवडायचे, एवढेच काम होते. विंडोज ते बहुतेक वेळा आपणहून करत नाही. हे मला महिन्याभराने कळले.

दुकानदार गोड बोलणारा होता. “काका, 900 ची मालिका जुनी, 60 च्या वर जातच नाही. हे 1050 टीआय घ्या, 4 जीबी आहे, तुमचे 2 जीबीचे आहे.” आकडा मोठा, मेमरी दुप्पट, यात संशय घेण्यासारखे काय होते? किंमत 7,200 सांगितली, माझ्या कार्डाचे 2,000 वजा केले आणि 5,200 रुपये यूपीआयने घेतले. पैसे दुकानाच्या नावावर गेले नाहीत, एका व्यक्तीच्या खात्यावर गेले. पावती मागितली तेव्हा “जीएसटी लावला तर तुम्हालाच महाग पडेल” असे उत्तर आले आणि मी, हिशेबनीस, मान डोलावली.

मात्र ज्या क्षणासाठी मी स्वतःला माफ करू शकत नाही, तो त्याच्या दहा मिनिटे आधीचा आहे. कार्ड चालते हे दाखवण्यासाठी त्याने ते टेबलावरच्या एका जुनाट स्क्रीनला निळ्या टोकाच्या, जुन्या पद्धतीच्या व्हीजीए केबलने जोडले आणि चित्र आले. मुलगा माझ्या कानाशी म्हणाला, “बाबा, याला डिस्प्लेपोर्ट कुठे आहे?” मी त्याला गप्प केले. 1050 टीआय ज्या पास्कल पिढीचे आहे, त्या पिढीपासून एनव्हिडियाने व्हीजीएला लागणारा अ‍ॅनालॉग सिग्नलच काढून टाकला. खऱ्या 1050 टीआयमधून नुसत्या व्हीजीए केबलने चित्र येऊच शकत नाही. म्हणजे तो माणूस माल नकली असल्याचा पुरावा माझ्या नाकासमोर धरून उभा होता आणि मी त्यालाच चाचणी समजून पैसे मोजले. पाठीमागे व्हीजीएचे छिद्र असलेले कार्ड कोणी 1050 टीआय म्हणून दाखवले, तर पुढे एक शब्द न बोलता तिथून निघा.

घरी पुन्हा 60 हर्ट्झच. फोन केला तर म्हणाला, एचडीएमआयकडून डिस्प्लेपोर्टकडे जाणारी केबल लागेल. ती 650 रुपयांची. अशा साध्या केबली एकाच दिशेने चालतात. संगणकाकडे डिस्प्लेपोर्ट आणि स्क्रीनकडे एचडीएमआय असेल तरच. आमच्याकडे नेमके उलटे होते, त्यामुळे स्क्रीन काळीच राहिली. मग “ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) बसवून देतो” म्हणून 300 रुपये, आणि वर ताकीद, की ड्रायव्हर कधीही अपडेट करू नका. ही ताकीद ऐकली की समजावे, पाणी कुठे मुरते आहे.

शेवटी मुलाने जीपीयू-झेड हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर चालवले. कार्डाच्या नावाआधी कंसात ‘फेक’ असे लिहून आले, आणि आत 192 कोअरची (कोअर म्हणजे चिपमधले काम करणारे घटक) फर्मी पिढीची जुनी चिप निघाली. खऱ्या 1050 टीआयमध्ये 768 असतात. बायोसमध्ये, म्हणजे कार्डातल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, फेरफार करून नुसते नाव बदललेले होते. नकली कार्ड ओळखण्याची सोय जीपीयू-झेडमध्ये 2018 पासून आहे. दुकानातच पेन ड्राइव्हवरून दोन मिनिटांत तपासता आले असते.

दुकानदार म्हणाला, “सॉफ्टवेअर चुकीचे दाखवते,” आणि टेस्टिंगची मुदत सात दिवसांची असून आज आठवा आहे. माझे 960 विकले गेले होते.

पोलीस ठाण्यात गेलो. तिथे सांगण्यात आले की दुकान मुंबईत आहे, तिकडे जा. तिकडच्या ठाण्यात म्हणाले की तुम्ही डोंबिवलीचे, शिवाय पावती नाही, ही दिवाणी बाब आहे. फसवणूक हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खालचा गुन्हा आहे, आणि हद्द कोणतीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी असे नवा कायदा सांगतो, हे मी बोललो तेव्हा समोरच्या अंमलदाराने “वकील आहात का?” असे विचारून चहा मागवला, अर्थात स्वतःपुरता. सायबर तक्रारीच्या फोनवर उत्तर मिळाले की पैसे तुम्ही स्वखुशीने दिलेत आणि वस्तूही मिळाली, मग यात सायबर काय? ग्राहकांसाठीच्या फोनवर तक्रार क्रमांक मिळाला आणि तीन आठवड्यांनी ‘विक्रेत्याचा प्रतिसाद नाही’ या शेऱ्यासह ती बंद झाली. चोराने प्रतिसाद दिला नाही म्हणून तक्रार बंद करायची, हा न्याय मला तरी समजलेला नाही.

त्या रस्त्यावर सरळ व्यवहार करणारेही पुष्कळ आहेत. मुलाचे पहिले कार्ड तिथूनच, पावतीसह घेतले होते. जुने कार्ड बदलीत देण्यापूर्वी त्याच्या पाठीमागची केबल जोडायची छिद्रे मोजा. पावती नसेल तर दुकानाच्या पाटीसकट कार्डाचा आणि त्यावरच्या क्रमांकाचा फोटो काढा.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची असते, हे मला कोणत्याही कचेरीने सांगितले नाही, शेजारच्या निवृत्त लिपिकाने सांगितले. अर्जासोबत पावती जोडा असे होते. तिच्या जागी मी यूपीआय व्यवहाराचे तीन स्क्रीनशॉट जोडले आहेत, 5,200, 650 आणि 300 चे.