तबेल्यातला रात्रीचा कॅमेरा: मैना झोपतच नव्हती

आधी निकाल सांगते. पाचापैकी चार तारे. पाचवा तारा कोळ्याने खाल्ला, त्याबद्दल पुढे.

हा कॅमेरा घोड्यांसाठी वगैरे बनवलेला नाही. दारावर किंवा दुकानात लावतात तसला साधा वायफायचा, दोन मेगापिक्सेलचा, मेमरी कार्ड बसणारा, अंधारातही टिपणारा. घेतला तो चोराच्या भीतीने नव्हे. आमची १९ वर्षांची कुमेत (तांबूस-तपकिरी) घोडी मैना दिवसभर मरगळून उभी का राहते, हे कुणालाच कळेना, म्हणून घेतला. त्याला आता पाच महिने झाले.

मैनाची मरगळ एका दिवसात आली नाही. आधी ती फाटकापाशी यायची थांबली. मग खरारा करताना माझा खिसा ओठांनी चाचपायची, ते बंद झालं. पुढे पुढे भर दुपारी मान खाली, खालचा ओठ लोंबलेला, एक कान इकडे आणि एक तिकडे, असं उभं राहणं सुरू झालं. टाच दिली की चार पावलं दुडकी धरायची आणि पुन्हा पाय ओढत चालायची. गंमत म्हणजे चंदी (दाणावैरण) पूर्ण संपवत होती आणि लीद नेहमीसारखी होती. आजारी जनावर आधी खाण्यावरून तोंड फिरवतं, एवढंच मला माहीत होतं. हिचं पोट व्यवस्थित आणि बाकी सगळं मलूल.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिते, नाहीतर कुणी तरी घोडा पडून असताना कॅमेरा मागवत बसेल. पूर्ण वाढलेल्या घोड्याचं विश्रांतीतलं तापमान साधारण ३७.२ ते ३८.३ अंश सेल्सिअस, नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६. हिरडी गुलाबी हवी, बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत रंग परत यायला हवा. यातलं काही बिघडलेलं असेल, खाणं सुटलं असेल, लीद थांबली असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर. मैनाचं तापमान ३७.६, नाडी ३६, श्वास १२. सलग आठ दिवस मी वहीत लिहीत होते आणि आकडे जागचे हलत नव्हते.

डॉक्टर आले तेही घाईने काही बोलले नाहीत. दात पाहिले, पोटाचे आवाज दोन्ही बाजूंनी ऐकले, हृदय तर इतका वेळ ऐकत राहिले की माझाच श्वास अडकला. रक्त घेतलं: रक्तक्षय आहे का, गोचिडांमधून येणारे रक्तातले परजीवी आहेत का, यकृत-मूत्रपिंड ठीक आहे का. जंतांची अंडी मोजायला लीद घेतली. वय १५च्या पुढे म्हणून पिट्युटरी ग्रंथीच्या आजारासाठी एसीटीएच हे संप्रेरक तपासलं, तिचे अंगावरचे केस वेळेवर झडत होते तरीही. सगळे अहवाल चांगले आले. चांगल्या अहवालांनी इतकं वाईट वाटतं, हे मला आधी माहीत नव्हतं.

तोवर मी एक पराक्रम करून बसले होते. ‘रक्त वाढवणारं’ लोहाचं टॉनिक कुणी तरी सुचवलं आणि मी ते दोन आठवडे चंदीत घातलं. डॉक्टरांनी बाटली उलटी करून लेबल वाचलं आणि ती सरळ आपल्या पिशवीत टाकली. घोड्याला चाऱ्यातून आणि मातीतून लोह भरपूर मिळतं, खरी कमतरता क्वचितच असते, आणि जास्तीचं लोह यकृतात साठत जातं. टॉनिकचं परीक्षण करायचं झालं तर एवढंच पुरे.

निघताना ते तिच्या पुढच्या पायांपाशी उकिडवे बसले. दोन्ही पायांवर, खुराच्या वरच्या सांध्याला, अगदी समोरच्या बाजूला, रुपयाएवढ्या खपल्या होत्या. एक जुनी, एक ताजी. मी त्या पाहिल्या होत्या, भिंतीला घासल्या असतील म्हणून मलमही लावलं होतं. डॉक्टर म्हणाले, “रात्री हिला कुणी बघितलंय का?”

घोड्यांची देखभाल करणारे आमचे मोतद्दार काका म्हणाले, “पहाटे येतो तेव्हा उभीच असते, साहेब.”

“आणि अंगाला भुसा?”

काका गप्प. मग हळूच म्हणाले, “हल्ली नसतो.”

खाली अंथरलेला भुसा अंगाला नाही, म्हणजे ती रात्री आडवी होतच नव्हती. खरा सुगावा तोच होता, आणि तो रोज खरारा करणाऱ्या माणसाकडे होता. विचारलं कुणी नव्हतं.

घोडा उभ्याने झोपतो हे अर्धंच खरं. पायांचे सांधे अडकवून ठेवण्याची त्याच्याकडे सोय असते, त्यामुळे हलकी झोप उभ्याने होते. पण गाढ झोपेचा एक भाग, ज्यात स्नायू पूर्ण सैल सुटतात, तो आडवं झाल्याशिवाय मिळत नाही. तो दिवसाकाठी अर्धा ते एक तास लागतो, तोही तुकड्यातुकड्यांनी, बहुधा मध्यरात्रीनंतर. जो घोडा आडवाच होत नाही, तो उभ्याउभ्या त्या झोपेत घसरतो, पाय दुमडतात, सांध्यावर आपटतो आणि दचकून उठतो. म्हणून खपल्या समोरच्या बाजूला.

हे ऐकून कॅमेरा मागवला, आणि पहिल्या तीन रात्री वाया घालवल्या. चूक माझी, थोडी कॅमेऱ्याची. तो डब्यातून निघतो तेव्हा ‘हालचाल दिसली तरच चित्रण’ असा लावलेला असतो. चोरासाठी ते बरोबर आहे. पण मला घोडी काय करत नाही ते पाहायचं होतं! सकाळी पाहिलं तर दोन मिनिटांचे तुटक तुकडे आणि मधे तासन्‌तास काहीच नाही. त्या मोकळ्या तासांत ती झोपली की नुसती उभी होती? सांगता येईना. सेटिंगमध्ये जाऊन अखंड चित्रण चालू केलं की प्रश्न मिटतो. माझ्या १२८ जीबीच्या कार्डात आठ-नऊ रात्री-दिवस मावतात, मग जुनं पुसून नवं चढतं. सोळापट वेगाने पळवलं की एक रात्र साधारण अर्ध्या तासात बघून संपते.

चौथ्या रात्री दिसलं. २ वाजून ४१ मिनिटं. करड्या चित्रात मैना कोपऱ्यात, भिंतीला समांतर. मान इंचाइंचाने खाली. नाक भुशाला टेकतंय, आणि एकदम पुढचे दोन्ही पाय कागदासारखे दुमडले. धप्प आवाज कॅमेऱ्याच्या माइकने नीट पकडला. ती तशीच ताठ उभी राहिली, डोळे चमकताहेत, कान दाराकडे. मग पुन्हा मान खाली. त्या एका रात्रीत अकरा वेळा. आडवी एकदाही नाही. मी ते डॉक्टरांना पाठवलं, तर उत्तर आलं, “मरगळ नाही, झोपेची कमतरता. आता का ते शोधू.”

का याची मोठी कारणं दोन: दुखतं म्हणून, किंवा भीती वाटते म्हणून. वयामुळे पहिला संशय सांध्यांवर. डॉक्टरांच्या मापाने दहा दिवस वेदनाशामक दिलं, फक्त फरक पडतो का ते बघायला. कॅमेऱ्याच्या हिशेबात काडीचा फरक नाही, रात्रीची पडझड तेवढीच. (हे औषध आपल्या मनाने सुरू करू नका, पोटात अल्सर होऊ शकतात.)

मग वही काढली. मरगळीच्या पहिल्या नोंदीच्या बारा दिवस आधी एक ओळ होती: ‘छत गळतंय, शेजारच्या ठाणातला घोडा मागे हलवला.’ दोघांच्या मधली भिंत छातीएवढी, दिवसभर नाकाला नाक. मैना एकटी पडली आणि मी छताचा विचार करत बसले. कळपात एक जण जागा असला की दुसरा आडवा होतो. हिच्यासाठी राखण करणारा तोच होता.

छत दुरुस्त करून घोडा परत आणला, त्याच दिवशी भुशाचा थरही दुप्पट केला. डॉक्टर यावर चिडले आणि ते बरोबर होतं. दोन्ही एकदम केल्यामुळे नेमकं कशाने जमलं, हे आता खात्रीने कुणी सांगू शकत नाही. पाचव्या रात्री १ वाजून ५२ मिनिटांनी तिने तीन गिरक्या घेतल्या, गुडघे टेकले आणि बसली. मग कूस बदलून सपाट. बावीस मिनिटं. मी ते सोळापट वेगाने नाही, आहे त्या वेगाने पाहिलं. दोन आठवड्यांत खिशाची झडती पुन्हा सुरू झाली.

आता कॅमेऱ्याच्या तक्रारी. तबेल्यात कोळी असतातच, आणि भिंगाभोवतीच्या अवरक्त (इन्फ्रारेड) दिव्यांपाशीच ते जाळं विणतात. जाळं हललं की मोबाइलवर सूचना. एका रात्री त्रेचाळीस. भुशाची धूळ उडाली की बर्फ पडल्यासारखं दिसतं. मी सूचना कायमच्या बंद केल्या आणि दर रविवारी मऊ ब्रशने भिंग साफ करते. दगडी भिंतीपलीकडे वायफाय रडतं. मोडेम खिडकीशी आणून २.४ गिगाहर्ट्झवर जोडल्यावर टिकलं. वायर उघडी ठेवली तर चावलीच म्हणून समजा, पाइपातून न्या. आणि कॅमेरा तोंड पोचणार नाही इतक्या उंचीवर, कोपऱ्यात लावा. बरोबर त्याच्या खालचा हातभर भाग दिसत नाही, मैनाला नेमकी तीच जागा आवडते. हल्ली मला तिची फक्त शेपटी आणि मागचे दोन खूर दिसतात, पण ते आडवे असतात. दुसरा कॅमेरा समोरच्या कोपऱ्यात लावायचा विचार होता, काका म्हणाले, “कशाला ताई, भुसा मी रोज झाडतोय की आता अंगावरचा.”