लेझर सिटिंगच्या नावाखाली साठ हजार

माझी व्हजायनोप्लास्टी, म्हणजे योनीमार्ग तयार करण्याची शस्त्रक्रिया, दिल्लीच्या एका खासगी रुग्णालयात झाली. जुळवून दिली एका 'कोऑर्डिनेटर'ने. 'फॉलो-अप लाइफटाइम फ्री' असं त्याने व्हॉट्सॲपवर स्वतः लिहून दिलं होतं. ऑपरेशनबद्दल माझी तक्रार नाही. लुबाडलं ते नंतर, जखम भरत असताना.

नाशिकला परतल्यावर काही आठवड्यांनी पॅडवर पिवळसर, रक्ताची झाक असलेला स्राव दिसायला लागला. डायलेटर (मार्ग आकसू नये म्हणून आत घालायची गुळगुळीत दांडी) काढला की टोकाला ताजं रक्त. आरसा धरून बघितलं, तर टाक्यांच्या रेषेवर डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल, ओलं मांस वर आलेलं. फोटो पाठवला. लगेच त्याचा फोन. "दीदी, इन्फेक्शन अंदर फैल रहा है, डेप्थ चली जाएगी." डेप्थ म्हणजे मार्गाची खोली. उपाय काय, तर लेझर सिटिंग. साठ हजार, आगाऊ, एका भलत्याच माणसाच्या यूपीआयवर. फ्री फॉलो-अपचं विचारलं, तर म्हणे कन्सल्टेशन फ्री असतं, प्रोसिजर नाही. वर हेही सांगितलं, की सिटिंग होईपर्यंत डायलेशन, म्हणजे डायलेटर घालणं, बंद.

माझा सगळ्यात जास्त राग या शेवटच्या वाक्यावर आहे. सुरुवातीच्या महिन्यांत डायलेशन थांबलं की मार्ग आकसायला लागतो. म्हणजे आधी घाबरवायचं, मग खरंच बिघडू द्यायचं आणि मग रिव्हिजनचं, म्हणजे दुरुस्तीच्या ऑपरेशनचं, पॅकेज विकायचं!

पैसे भरले. सिटिंग ठाण्यातल्या एका स्किन क्लिनिकमध्ये. ॲप्रन घातलेल्या मुलीने बाहेरूनच लाल दिवा धरला, पाचेक मिनिटं. जखम आत आहे हे तिला माहीतही नसावं. बिल मागितलं तर "सर भेजेंगे".

रक्त थांबेना, तेव्हा सरकारी रुग्णालयाच्या स्त्रीरोग ओपीडीत गेले. बाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, "ग्रॅन्युलेशन टिश्यू आहे गं, जखम भरताना होतं असं." वाढलेलं मांस जाळणाऱ्या सिल्व्हर नायट्रेटची काडी त्याला टेकवली. चरचरलं, दोन दिवस करडा-काळा स्राव गेला. पुढे आणखी काही वेळा तेच करावं लागलं. "डायलेशन कुणी बंद करायला सांगितलं?" म्हणून ओरडा मिळाला तो वेगळाच. आपण गावातल्या डॉक्टरपुढे जायला लाजतो, हे या दलालांना पक्कं ठाऊक असतं. सगळा धंदा त्यावरच चालतो.

सगळंच किरकोळ नसतं. ताप, दुर्गंधी, न थांबणारं रक्त, लघवी अडणं, योनीमार्गातून वारा किंवा शौच येणं, यांतलं काही झालं तर फोटो पाठवत बसू नका, थेट इमर्जन्सी गाठा. तिथे ऑपरेशन नोट्स लागतात. माझ्याकडे फक्त डिस्चार्ज कार्ड होतं, नोट्स कोऑर्डिनेटर अडवून बसलेला. शेवटी रुग्णालयालाच लेखी अर्ज केला. अर्ज केल्यापासून ७२ तासांत कागद देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, आणि ते आलेही. त्यात लेझरचा सल्ला कुठेच नव्हता. सर्जनपर्यंत माझा फोटो पोचलाच नव्हता.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. २०१९ च्या ग्राहक कायद्यानुसार आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात दावा करता येतो, दिल्लीला खेटे घालावे लागत नाहीत. मुदत दोन वर्षं. चॅट आणि यूपीआयच्या पावत्या जपून ठेवा, कारण त्याने माझ्याशी झालेले बरेचसे मेसेज 'डिलीट फॉर एव्हरीवन' केलेत. स्क्रीनशॉट आधीच काढले होते म्हणून निभावलं. नंबर त्याचा अजून चालू आहे, आणि स्टेटसला आता 'आफ्टरकेअर पॅकेज' झळकतंय.